आज पाहणी, उद्या या

२ फेब्रुवारी, सकाळी

जाग आली ती बुटांच्या आवाजाने. करर्र, करर्र. डोळे उघडले तर वर नुसता पंखा. पण आवाज ओळखीचा होता. मी तिसरीत असताना शाळेच्या तपासणीला दिपोटीसाहेब यायचे, त्यांच्या बुटांचा. गावात बाकी सगळे अनवाणी नाहीतर वहाणांत, त्यामुळे साहेब चिंचेखाली पोचले की वर्गात कळायचं. मास्तरांची तयारी मात्र चोख. ओसरी सारवलेली. दाराला आंब्याचा टाळा. पाढे न येणारी पोरं त्या दिवसापुरती गुरांमागे धाडलेली. पहिल्या रांगेत मी, पावसाची कविता चालीवर म्हणायला. साहेब डोलायचे. शेरा : शाळा उत्तम.

याला म्हणतात व्यवस्थापन. हल्ली कुठे बघायला मिळतं?

हे सगळं आठवायला निमित्त आहे. इथल्या, वसईच्या सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर नागरिक सदस्य म्हणून माझी नेमणूक झाली. विमला म्हणाली, बाकी कोणी हो म्हटलं नसेल. बायको झाली तरी मत्सर असतोच.

संकल्प : रोजनिशी रोज लिहायची. चहातली साखर बंद. रुग्णालयाचा कायापालट.

५ फेब्रुवारी

समितीची पहिली सभा. अधीक्षक डॉ. ज्ञानदा आमच्या मुलाच्या, कौस्तुभच्या वयाच्या असतील. त्यांनी परिस्थिती सांगितली. केसपेपरची रांग सकाळीच गेटबाहेर रिक्षा स्टँडपर्यंत जाते. वस्ती कुठल्या कुठे वाढली, खाटा होत्या तेवढ्याच. प्रसूती कक्षात एका खाटेवर दोघी दोघी. पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नाही. सिझेरियनची वेळ आली की बाईला ॲम्ब्युलन्समध्ये घालून मुंबईला पाठवायचं, आणि हायवेचा ट्रॅफिक कोणाच्या कळांसाठी सरकत नाही.

नवा प्रसूती कक्ष आणि भूलतज्ज्ञाचं पद, असा प्रस्ताव वर गेलाय. बुधवारी, बारा तारखेला, मुंबईहून पथक पाहणीला येणार. त्यांना रुग्णांचा भार पटला तर मार्चच्या आत निधी. नाही पटला तर तो दुसऱ्या तालुक्याला जाणार.

डॉक्टर म्हणाल्या, काही सजवायचं नाही, आहे ते दिसू द्या.

पोर हुशार आहे, पण पोरच. पाहुणे यायच्या दिवशी घरातला पसारा कोण दाखवतं?

चहात साखर घेतली. सभेचा चहा होता.

७ फेब्रुवारी

मागच्या चाळीतल्या सरोजिनीबाई माणिकपूरला स्टेशनबाहेर भाजी विकतात. आज मेथी घ्यायला थांबलो. त्यांचा मुलगा सिद्धेश वालीवला प्लास्टिकच्या कारखान्यात. सून रिद्धी होळीच्या सुमारास बाळंत व्हायची. पहिल्या खेपेला तिला इथून मुंबईला नेताना ॲम्ब्युलन्स खाडीच्या पुलावर अडकली. मूल हाती लागलं नाही. हे सांगताना बाई जुडीतली पिवळी पानं काढत होत्या, मान वर केली नाही.

मग म्हणाल्या, "काका, तुम्ही आता कमिटीत हाय. ह्या खेपेला तरी भूल देनारा कोनी येल ना?"

मी म्हटलं, आणतोच.

बाईंनी मेथीचे पैसे घेतले नाहीत. आपल्या हातून काही घडणार आहे असं इतक्या वर्षांत प्रथमच वाटलं. चाळीस वर्षं महसूल खात्यात फायली पुढे सरकवल्या, पण अशी मेथी कोणी दिली नव्हती.

१० फेब्रुवारी

नियोजन पूर्ण. समितीच्या निधीतून प्रसूती कक्षासाठी गाद्या घ्यायच्या होत्या. गाद्यांवर चादरी असतात, त्या दिसणार कुणाला? त्याऐवजी कमान, भाड्याच्या कुंड्या आणि रांगोळी. डॉक्टर लेबर रूममध्ये अडकल्या होत्या, त्यामुळे ठराव एकमताने झाला.

मुख्य प्रश्न गर्दीचा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, देवळाच्या फळ्यावर लिहिलं, चर्चच्या नोटीस बोर्डवरही लावून आलो : बुधवारी कृपया रुग्णालयात येऊ नये, गुरुवारी यावे, आपल्याच भल्यासाठी. मेसेज अर्ध्या वसईत फिरला. बोळिंजहून मला परत आला.

गेटवर आलोशियस असतो. भुईगावचा, दणकट, शब्दाचा पक्का. त्याला शिकवलं : अपघात सोडून जो येईल त्याला हात जोडून म्हणायचं, आज पाहणी, उद्या या. बुधवारी गरोदर बायकांची तपासणी असते, त्यांना तर आवर्जून सांगायचं. त्यांच्यामुळे बाकं लगेच भरतात. त्याने विचारलं, कोणी भांडलं तर? मी म्हटलं, माझं नाव सांग.

११ फेब्रुवारी

जिन्यात रिद्धी भेटली. उद्या तिच्या तपासणीची तारीख. गुरुवारी जा म्हटलं. तिने मान हलवली.

विमलाने विचारलं, "अहो, ते गर्दी बघायला येतायत ना? मग गर्दीला घरी का बसवताय?"

तिला प्रशासनातलं कळत नाही. समजावत बसलो नाही.

स्वागतगीत तयार झालं. चौथीतल्या नदीच्या कवितेची चाल लावलीय :

स्वागत स्वागत पथकाचे हो, स्वागत या आरोग्यघरी,
खाटा हसती, भिंती डुलती, गर्दी नाही तिळभरी.

'तिळभरी' सुचायला अख्खी दुपार गेली.

१२ फेब्रुवारी, रात्री

असा दिवस आयुष्यात एकदाच येतो.

बाकं रिकामी. फरशीवर आपलं तोंड दिसेल. एकेका खाटेवर एकेक बाई, त्याही मोजक्या. झेंडूच्या कुंड्यांवर फुलपाखरू आलं, ते मात्र नियोजनात नव्हतं. पथकातले मोठे साहेब म्हणाले, इतकं शांत सरकारी रुग्णालय मी पाहिलं नाही. मी गीत म्हटलं. दुसऱ्या कडव्याला साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण ती मान तालावर झुकली होती.

डॉ. ज्ञानदा सारखं काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होत्या. साहेब त्यांना म्हणाले, मॅडम, तुम्ही उगाच घाबरवलंत. त्यांचा चेहरा उतरलेला वाटला. जागरणं फार होतात बिचारीची.

संध्याकाळी आलोशियसला माझ्या पैशाने शाल घातली. म्हटलं, आज तू रुग्णालय वाचवलंस. त्याने बायकोला, फ्लॉसीला, फोटो काढायला खास बोलावलं होतं.

१३ फेब्रुवारी

श्रेय घ्यायला म्हणून रुग्णालयाकडे गेलो. दोन दिवसांची गर्दी एका दिवशी आली होती. रांग स्टँड ओलांडून चौकापर्यंत. कमानीच्या सावलीत लोक बसलेले, एका कुंडीत कोणाचं तरी पोर ओकलेलं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, बसलेला.

आत गेलो नाही. माझी तिथे गरजच नव्हती.

कान सारखे गरम होतायत. बीपीची गोळी राहिली असणार.

१६ फेब्रुवारी

विमलाने सांगितलं : गुरुवारी रिद्धी दुपारपर्यंत रांगेत उभी होती, चक्कर आली, तपासणी न होताच घरी आली. विमलाला हे सरोजिनीबाईंनी सांगितलं. सरोजिनीबाई मला काही बोलल्या नाहीत, कारण मी सध्या भाजी नाक्यावरच्या भैयाकडून घेतो. त्याचे टोमॅटो ताजे असतात.

विमला म्हणते, सडके आहेत.

२१ फेब्रुवारी

डॉ. ज्ञानदांनी बोलावलं. अहवाल आला होता. त्यांनी वाचून दाखवला. "रुग्णभार अल्प. उपलब्ध सोय पुरेशी. पद आणि निधी अन्यत्र वळवावा."

मी विचारलं, गीताचा उल्लेख आहे का.

त्यांनी अहवाल मिटून फायलीत ठेवला. मग शिपायाला चहा सांगितला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चहात साखर होती, तरी प्यायलो.

निघताना एवढंच म्हणाल्या, "काका, गर्दी ही आमची बदनामी नव्हती. आमची बाजू मांडणारी तीच होती."

जेवलो नाही. ॲसिडिटी.

२३ फेब्रुवारी

सरोजिनीबाईंना स्पष्ट सांगायचं ठरवलं. माणसाने चूक कबूल करावी, हीच आपल्या शाळेची शिकवण. माणिकपूरला गेलो. त्या दुधी मापत होत्या. गिऱ्हाइकांसमोर अशा गोष्टी बोलणं शोभत नाही. मागच्या गल्लीने परत आलो.

उद्या.

२४ फेब्रुवारी

आज त्यांच्याकडे जास्तच गिऱ्हाईक होतं.

२८ फेब्रुवारी

डॉ. ज्ञानदांनी हार मानली नाही. मुंबईला खेटे घातले, रोजच्या केसपेपरांचे आकडे दाखवले. पथक पुन्हा येणार आहे, बारा मार्चला. या वेळी शेवटचं.

मी उत्साहाने मदत देऊ केली. ज्येष्ठ नागरिक संघ आणि भजनी मंडळ मिळून बरीच माणसं जमतील, सगळ्यांना काही ना काही दुखणं आहेच, सकाळपासून बाकांवर बसवू.

त्या म्हणाल्या, "काका, गर्दी आहे. आणावी लागत नाही."

मग मला एकच काम दिलं. आलोशियसला सांगायचं की पाहणीचा नियम रद्द, गेट सताड उघडं ठेव. त्यांनी सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही माझी टेस्ट घेताय, मी काकांना शब्द दिलाय. तुम्हीच लावलेली शिस्त, तुम्हीच काढा, असं त्या मला म्हणाल्या. आणि त्या दिवशी कृपा करून घरीच थांबा.

काम किरकोळ आहे. संध्याकाळी करतो.

३ मार्च

गेटपर्यंत गेलो होतो. आलोशियसने लांबूनच सलाम ठोकला. केबिनमध्ये शालीचा फोटो फ्रेम करून लावलाय, मरियामातेच्या शेजारी. एका पेशंटला माझी ओळख करून दिली, हेच ते काका म्हणून. अशा माणसाला, ज्या कामाची शाल मिळाली त्याच कामाने वॉर्ड घालवला, हे उभ्या उभ्या कसं सांगणार? हवापाण्याचं बोललो. भुईगावच्या केळींचं विचारलं. त्याने एक फणी दिली.

केळी खाववली नाहीत. विमलाने शिकरण केलं, तेही नाही.

७ मार्च

त्याला फोन लावला. रिंग वाजली. तो उचलायच्या आत मीच ठेवला. असले विषय फोनवर काढू नयेत.

मग त्याचाच फोन आला. मी बाथरूममध्ये आहे असं विमलाला सांगायला लावलं. तिने सांगितलं, "बाथरूममध्ये आहेत असं ते सांगतायत."

१० मार्च

जिन्यात रिद्धी. फार अवघडलीय. थांबून श्वास घेत होती. मला बघून बाजूला झाली, मला जाता यावं म्हणून. आजोबा, भूलवाल्या डॉक्टरांचं काय झालं, असं तिने विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं. तिने विचारलं नाही. चष्मा पुसत खाली उतरलो आणि खाली काही काम नाही हे खाली गेल्यावर लक्षात आलं.

आलोशियसला उद्या सांगायचंच. शपथ.

११ मार्च

निघालो होतो. रिक्षा मिळाली नाही. मिळाली, पण शेअरची होती, आणि गुडघे दुमडून बसायला मला जमत नाही.

१२ मार्च, सकाळी

पथक आज येणार. डॉक्टर त्यांना आणायला हायवेपर्यंत गेल्या असतील. मी सांगितल्याप्रमाणे घरी आहे. शिस्त म्हणजे शिस्त.

आलोशियसचं उगाच मनाला लावून घेत होतो. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं असेलच. आणि एकदा केलेली गोष्ट माणूस काही दर वेळी करत नाही. शिवाय उद्या होळी, आज मुळात येणार कोण? मन स्वच्छ आहे. नवी कविता सुरू केलीय, विषय 'जनसागर'. पहिली ओळ झाली, दुसरी अडलीय.

थोड्या वेळाने

बेल वाजली. पेपरच्या बिलाला अमेय येतो या सुमारास. विमला उघडतेय.

अमेय नाही. सरोजिनीबाईंचा आवाज. त्या आमच्या दारी कधी येत नाहीत. मी आतल्या खोलीतच आहे. दार लोटून घेतलंय, पण ऐकू येतं.

रिद्धीपण आहे. पहाटेपासून कळा येतायत. सिद्धेशची रात्रपाळी, तो अजून वालीवहून यायचाय. दोघी रिक्षाने रुग्णालयात गेल्या, तर गेट बंद. बाहेर बायका फुटपाथवर बसल्यात म्हणे. आलोशियसने हात जोडून सांगितलं, आज पाहणी, उद्या या. कळा येतायत म्हटलं, तर म्हणाला, बुधवारवाल्या सगळ्या असंच सांगतात, काकांचा हुकूम आहे, ते स्वतः म्हणाले तर सोडतो. म्हणून त्या मला न्यायला आल्यात.

बाईंच्या आवाजात राग नाही. मी आहे म्हटल्यावर काम होईल असं त्यांना वाटतंय. विमलाला तेच सांगतायत, काका आले की झालं. मध्येच रिद्धीचा श्वास अडकतो तेवढा ऐकू येतो. त्यांची पिशवी भिंतीला घासून खाली सरकल्याचा आवाज आला.

फोनही करता येईल. पण समोर गेल्याशिवाय तो ऐकणार नाही, आणि समोर गेलो की सगळंच सांगावं लागेल, फुटपाथवरच्या बायकांदेखत, पथकादेखत. जरा पाणी पिऊन, मग

विमला आत आली नाही. बाहेरूनच, शांतपणे म्हणाली,

"अहो, तुमची शिस्त दारात उभी आहे. चप्पल घाला."