दारातला लव्हाळा

वरवट बकाल
ता. २१ सप्टेंबर

मंजुश्रीच्या आईस,

सप्रेम जयभीम. मी इकडे ठीक आहे. तिकडे मंजुश्री, जावई, नातवंडं बरी असतील. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. मूग निघाला. सोयाबीनला शेंगा बऱ्या आहेत.

लव्हाळा पुन्हा लावला आहे. हसू नकोस. तुझा लव्हाळा गेल्यापासून न्हाणीचं पाणी दारात परत वास मारायला लागलं, म्हणून लावला. दुसरं काही नाही.

त्यासाठी सोनाळ्याला गेलो. तुमच्या नाल्याचा काठ मशीनने पार खरवडून टाकलाय. तुझ्या भावाने, उत्तमरावाने, पुलाखालून चार गड्डे काढून दिले. देताना म्हणाला, "भाऊजी, उपटाले आणखी पाह्यजेत काय?" ऐकून घेतलं.

पण जगतच नाही! वावरातला लव्हाळा मारता मारता माझा जन्म गेला, आणि हा इथे एवढे लाड करूनही पिवळा पडतो. शेणखत घातलं. खुरपून माती भुसभुशीत केली. मुळं सडू नयेत म्हणून चर काढून पाणी गल्लीत सोडलं. कपाशीचं एवढं केलं नाही मी कधी. तीन गड्डे गेले. डोकं फिरायची वेळ आली आहे.

परवा शेजारचा रंगराव आला. त्या दिवशी चारचौघांत बोलला होता, तेच पुन्हा बोलला, "किसनराव, लोक लव्हाळा निंदून राह्यले अन् तुमी दारात लावून राह्यले!" त्या दिवशी मला लाज वाटली आणि मी फावडं उचललं. तू माहेराहून आणून वाढवलेला सगळा उपटून फेकला. या वेळी त्याला म्हटलं, "हाव, लावला. चहा घेता काय?"

मी फावडं चालवत होतो तेव्हा तू बाजूला उभी राहून काहीतरी सांगत होतीस. मीच ओरडत होतो, एक शब्द कानात गेला नाही. मग तू पिशवी घेऊन एसटीवर गेलीस.

एवढं आठवतं, तिथला चिखल तू कधी वाळू द्यायची नाहीस. काल चर बुजवला, पाणी तुंबू दिलं. उरलेल्या गड्ड्यात एक पातं अजून हिरवं आहे. बरोबर केलं की चुकलं, सांगणारं घरात कोणी नाही. दोन भाकरी टाकतो, त्यातली एक रोज उरते.

कसं जगवायचं ते लिहून पाठवू नकोस. येऊन सांग. मी मध्ये बोलणार नाही.

कला, तोवर चिखल वाळू देत नाही.

तुझा
किसन