आईच्या अध्यक्षतेखाली

आमली, सिल्वासा

ती. अण्णा,

तेजूचा लांबूनच वाकून नमस्कार. तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून हे पत्र. मी बरी आहे, डबा वेळेवर येतो.

काल आठवीच्या वर्गात मुलांची विधानसभा भरवली. इथे केंद्रशासित प्रदेशात खरी विधानसभा नाही म्हटल्यावर गुड्डी म्हणाली, "बाई, मग लोक भांडतात कुठे?"

प्रश्नोत्तराच्या तासाला सगळी एकदम ओरडायला लागली आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. विधान भवनात दिवसभर लघुलेखन करून तुम्ही घरी यायचात आणि आईला अध्यक्ष करायचात. "अध्यक्ष महोदया" म्हटल्याशिवाय दादाला दुसरी पोळी मिळायची नाही. फार गोंधळ झाला की आई लाटणं आपटायची.

गुडघा कसा आहे? वहिनी म्हणते, आई गेल्यापासून तीन महिने तुम्ही जेवताना एक शब्द बोलत नाही.

अण्णा, शोकप्रस्तावानंतर सभागृह त्या दिवसापुरतंच तहकूब होतं, दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी कामकाज सुरू होतं, हे तुम्हीच सांगायचात ना? मी शनिवारी येते. जेवायला बसल्यावर पहिला प्रश्न माझा. उत्तर तोंडी हवं.

तुमची,
तेजू