बोलण्यात आहे

कालदाविक,
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय कोल्बेन,

तू आणि घरचे खुशाल असाल. मी बरी आहे. खिंड बारा दिवस बर्फाने बंद होती, काल उघडली, म्हणून हे पत्र आज निघेल. नाताळात तू पाठवलेला सुका मासा लोण्याबरोबर तीन दिवसांत संपवला.

शाळेत मी शनिवारचा वर्ग सुरू केला आहे. मोठ्या माणसांसाठी. फोनच्या तारेवरून संगणक कसा जोडायचा, हा विषय. सात जण येतात. मला हे चांगलं शिकवता येतं, सांगायला संकोच नाही. आपल्या बेटाच्या भाषेत फोनसाठीच्या शब्दाचा मूळ अर्थ ‘धागा’, तिथून मी सुरुवात करते. मोडेम म्हणजे धाग्याच्या टोकाला बसलेला दुभाषा. तो संगणकाच्या आकड्यांचा आवाज करतो, पलीकडचा त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. दोन मोडेम भेटले की आधी हस्तांदोलन करतात, म्हणजे कोणत्या वेगाने बोलायचं ते ठरवतात. जलद असेल त्याने संथ असेल त्याच्या वेगावर यायचं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

मोडेमची किंचाळी पहिल्यांदा ऐकून मासळी कारखान्यातली योफ्रिदुर म्हणाली, “मांजराची शेपटी दारात सापडली की काय?”

“लग्नाची बोलणी चाललीत,” एर्लिंगुर म्हणाला. “थांब, आता गप्प होतील. झालं, लागलं लग्न.”

हो, एर्लिंगुर येतो. पुढच्याच बाकावर बसतो. चाळीस वर्षं गावाच्या फोनतारा सांभाळून तो या महिनाअखेर निवृत्त होतो आहे.

गेल्या शनिवारी फोनचे सूर शिकवायचे होते. नंबर फिरवण्याआधीचा, घंटेचा, आणि ‘बोलण्यात आहे’चा, तो तुटक टूं-टूं. मोडेमला हे सूर कळतात, तसे आपल्यालाही कळले पाहिजेत, असं मी म्हणाले. योफ्रिदुरने हात वर केला.

“तार तुटली की हाच टूं-टूं येतो ना? कोल्बेनला आला होता तसा?”

तिच्या मनात काही नव्हतं. आईच्या दफनानंतरच्या कॉफीला तू एर्लिंगुरला जे बोललास, ते सगळ्या गावाने ऐकलं होतं. ‘दोन तास धक्क्यावर उभा होतो, दोन तास बोलण्यात आहे, बोलण्यात आहे. तुझ्या तारेने माझी आई मला बोलू न देता नेली.’ त्यानंतर तू गावात आला नाहीस, आणि ज्याच्याबरोबर वयाच्या सातव्या वर्षापासून होडी वल्हवलीस, त्याचं नावही घेतलं नाहीस.

मी फळ्याकडे वळून सुरांची नावं लिहू लागले. उत्तर मला येत होतं.

एर्लिंगुर कॉफी ढवळत म्हणाला, “तुटलेल्या तारेवर फोन करणाऱ्याला नुसती घंटा ऐकू येते. वाजतच राहते. टूं-टूं आलं म्हणजे तार धड आहे आणि घरातलं कोणीतरी तिच्यावर आहे.” मग माझ्याकडे बघून, “चल, पुढचं शिकव, स्वाना.”

वर्ग सुटल्यावर तो कप विसळायला थांबला.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“तो ओरडला तेव्हाच. चाळीस वर्षं मी दुसरं काय ऐकलंय?”

“मग बोलला का नाहीस?”

“मित्र मला चार आहेत. तुला भाऊ एकच. हा कप फुटलाय बघ, टाकून दे.”

तेव्हा आता मी लिहिते. वादळ आलं होतं, पण तार तुटली नव्हती. तू ब्रेमरहाफनच्या धक्क्यावर नाणी घेऊन उभा होतास, तेव्हा मी घरच्या त्याच तारेवर मोडेम लावून शाळांच्या जाळ्यावरून एक फाइल उतरवत होते. आपल्या भाषेतली खास अक्षरं पडद्यावर नीट उमटवणारी. माझा मोडेम संथ होता, दोन तास लागणार होते, आणि मध्ये जोडणी तुटली तर पहिल्यापासून. आईने शेजारच्या खोलीतून दोनदा विचारलं, “कोल्बेनचा फोन आला का गं?” मी दोन्ही वेळा “नाही” म्हणाले. ते खरं होतं. तुमचं जहाज सुटलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

बोलण्यात आहे. त्या दोन तासांत घरात कोणी बोलत नव्हतं.

वादळाने तार तुटली असं मीच तुला सांगितलं, आणि तू ते मानलंस. तू रागावशील. त्याला मी तयार आहे, आणि तुझ्या वेळेने, तुला हवं तितकं ऐकून घेईन. पण माझ्या आधी एर्लिंगुरचा हक्क आहे. शनिवारी, २८ तारखेला, तीन वाजता शाळेत त्याच्या निरोपाची कॉफी आहे. तू येशील, मला ठाऊक आहे. खिंड बंद झाली, तर फोन कर.

मंगळवारी त्याने माझ्याकडे मोडेमसाठी वेगळी तार ओढून दिली. त्याचं शेवटचं काम. जुना नंबर आता फक्त माणसांसाठी आहे.

त्या दिवशी घरीच असलेली,
तुझी बहीण
स्वानहिल्दुर