उलटं कपाट आणि उणे एकचं वर्गमूळ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? मी ठणठणीत (उजवा अंगठा सोडून, त्यावर कपाट उभं होतं, त्या कपाटाचं पुढे येईलच).

तर परवा एका निवृत्त मास्तरीणबाईंकडे कपाट बसवायला गेलो. पुठ्ठ्यात बांधलेलं, दोन जिने चढवलेलं. खोलीचं दार अरुंद, म्हणून मी त्याला पाव गिरकी देऊन आत सरकवलं. आत माझ्या जोडीदाराने (नाव लंबू, आहे बुटका) ते परत फिरवायचं, तर पठ्ठ्याने त्याच अंगाला आणखी पाव गिरकी दिली. पट्ट्या ठोकून भिंतीला आवळलं, पुठ्ठा फाडला, तर समोर कपाटाची कोरी पाठ! दारं भिंतीकडे. लंबू कुजबुजला, "नवीन मॉडेल आहे म्हणून सांगू." बाई मात्र हसत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, उणे एकचं वर्गमूळ म्हणजे हेच की!"

याच वर्गमूळापायी शाळा सुटली ना माझी? अण्णांनी भर वर्गात विचारलं (बापच मास्तर असला की घरी आलं तरी शाळा सुटत नाही), मी म्हटलं, संख्या काल्पनिक तर उत्तरही काल्पनिक धरा, मार्क तेवढे खरे द्या. वर्ग हसला, अण्णा नाही. घरी ते म्हणाले, "चालता हो," आणि मी खरंच चालता झालो. तीन वर्षं झाली, शब्द नाही.

बाईंनी फरशीवर खडूने रेघ ओढली. पुढे अधिक, मागे उणे. पाव गिरकी घेतली की तोंड ना पुढे ना मागे, थेट खिडकीकडे, ती काल्पनिक. तीच गिरकी पुन्हा घेतली की पुरतं उलट, म्हणजे उणे एक; दोनदा घेऊन उणे एक होतं, म्हणून पाव गिरकी हेच त्याचं वर्गमूळ. आणि थोडं रेघेवर, थोडं खिडकीकडे सरकलं की संमिश्र. मी कितीतरी वेळ तिथेच उभा. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात लाकडाचा भुसा तरंगत होता. वाटलं, ही संख्या नसलेली नव्हेच, फक्त रेघेवर नसलेली. मीही तसाच, अंगाने इथे आणि मनाने आपल्या ओसरीवर. (लंबू म्हणाला, "राजे, आधी स्क्रू काढा.")

तुझाच,
धाकटा

ता. क. अण्णांना सांग, मला समजलं. कपाटाचं सांगू नकोस.

आणखी ता. क. नाही, कपाटाचंच सांग. हसले तर कळव, लगेच निघतो.

शेवटचा ता. क. कळवूही नकोस, पिशवी भरली आहे. अण्णांनी पाठ फिरवली तर घाबरू नकोस. तेवढी दुरुस्ती मला येते: एकाच अंगाला दोन पाव गिरक्या.