लाटेकडे पाठ

१२ एप्रिल

केलने आज क्लबात सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं — पुढच्या मोसमात आमच्या शर्यतीच्या होडीचं सुकाणू त्याच्याऐवजी माझ्याकडे! त्याचे गुडघे बोलायला लागलेत म्हणे. मी हसले आणि विषय बदलला.

होडीत आम्ही चौघी वल्हवणाऱ्या. बाहेर जाताना तोंड किनाऱ्याकडे, पाठ लाटेकडे. लाट दिसते ती मागच्या टोकाला सुकाणूचं लांब वल्हं धरून उभ्या असलेल्या केललाच. आम्ही मान वळवायची नाही. वळवली तर क्लबला बिअरचं खोकं. माझा नंबर साडेचार, तरी चष्मा गाडीत ठेवून, केलच्या थेट समोर बसून इतकी वर्षं वल्हवलं, कुणाचं काही अडलं नाही. सुकाणू धरायचं तर मात्र लाट दिसायला हवी.

१३ एप्रिल

ट्रूडी होडीत माझ्या मागे बसते आणि बेकरीत कामाला शेजारी उभी राहते, म्हणजे सुटका नाहीच. दिवसभर एकच टुमणं: डोळ्यांचं काय ते बघ आणि हो म्हण.

२० एप्रिल

चष्म्याला रबरी पट्टा लावून सुकाणूला उभी राहिले. केल कुरकुरत माझ्या जागी वल्हवायला बसला. दोनच फवारे उडाले आणि काचा खारट पांढऱ्या झाल्या. पुसणार कशाने? दोन्ही हात वल्ह्यात! शेवटी केलच मान वळवून रस्ता सांगत होता. बिअरचं खोकं त्याच्या नावावर.

४ मे

मोरुया गावातल्या चष्मेवाल्या बाईंकडून लेन्स आणल्या. आरशासमोर अर्धा तास डोळ्यात बोट घालत बसले. पण लावल्यावर काय लख्ख दिसतं! बाईंनी दम भरलाय — समुद्राचं पाणी लेन्सखाली अडकलं तर जंतू डोळा खातात, शक्यतो नकोच. मी मान डोलावली. ऐकणार थोडीच होते.

११ मे

डावी लेन्स पहिल्याच लाटेत गेली. एका डोळ्याने समुद्र, दुसऱ्याने धुकं. लाट जवळ आहे की लांब, काही कळेना. होडी आडवी झाली आणि ट्रूडी पाण्यात! लागलं नाही तिला. मला कुणी बोललं नाही, हेच जास्त लागलं. केल एवढंच म्हणाला, "डोळा लाल झालाय. घरी जा."

२९ मे

कॅनबेरात लेसरवाले डॉक्टर. एका पद्धतीत बुबुळावरचा पापुद्रा उचलतात. डोळा लवकर बरा होतो, पण मार बसला तर पापुद्रा सरकू शकतो. वल्ह्याची मूठ तोंडावर बसते का, असं त्यांनी विचारलं. हो, बसते की, अधूनमधून. मग दुसरी पद्धत, बिनपापुद्र्याची. दुखणं जास्त, बरं व्हायला वेळ, बरेच आठवडे समुद्र बंद. नाहीतरी इथे जून-जुलै म्हणजे हिवाळाच. डोळे त्याला योग्य निघाले.

आणि मी खट्टू झाले! इथे खरं लिहायला काय हरकत आहे — त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. डोळेच असे, काय करणार, म्हणून सुटले असते. मला भीती वाटते. चार बायका माझ्या भरवशावर लाटेकडे पाठ करून बसणार. लाट अंगावर येत असतानाही केल चहा मागावा तसा "येतेय, ओढा" म्हणतो. तेवढी छाती माझी नाही.

१५ जून

झालं. अंधारी खोली, कांदा चोळल्यासारखे डोळे. जास्त लिहवत नाही.

३० जुलै

बेकरीच्या छताला केवढी बुरशी आहे! मालकाला दाखवली. माझे डोळे बिघडलेलेच बरे होते, म्हणाला.

६ सप्टेंबर

डॉक्टरांनी समुद्राला परवानगी दिली. केलला अजून उत्तर दिलेलं नाही. तोही विचारत नाही. आधी तुझ्या जुन्या जागी बस, एवढंच म्हणाला.

१३ सप्टेंबर

आज मोठी लाट आली. केलचा आवाज नेहमीसारखा संथ. आणि समोर बसून मी पहिल्यांदाच त्याचा चेहरा नीट पाहिला. ओठ पांढरे पडले होते, हनुवटी थरथरत होती.

किनाऱ्याला लागल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "नेहमीच असं होतं?"

"दर वेळी," तो म्हणाला. "तुला दिसत नव्हतं म्हणून तर तुला माझ्यासमोर सगळ्यात जवळ बसवलं होतं."

त्याला हो सांगितलं.