मिशीवाल्याची बाजू

रोमा, टेक्सस
१२ मार्च १९५३

आजीला खोटारडी म्हणायचं, तेही उघड्या पोस्टकार्डावर! पोस्टमन दारात उभा राहून हसत होता. सॅन अँटोनियोच्या शाळेत पाकीट चिकटवायला शिकवत नाहीत वाटतं.

असो. एल्विरा, पोरी, आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. शेळीला दोन करडं झाली. गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो कोण त्याचं? त्रांकिलिनो न्हावी त्याच्या दुकानातली फाटकी चित्रपुस्तकं अजून माझ्यासाठी बाजूला ठेवतो. तुझं कार्ड त्याला दाखवलं, तर म्हणतो, “हेर्लिंदाबाई, छापलंय ते छापलंय.” मी म्हटलं, “तू आधी दोन कल्ले सारखे कापायला शिक.”

तर त्या चित्रपुस्तकातली गोष्ट लहानपणी मी तुला सांगायचे तशीच तू वर्गात सांगितलीस आणि सगळे हसले. बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं, की पांढरी टोपी आणि तोंडावर मुखवटा असतो तो भला माणूस, आणि मोठ्या टोपीचा मिशीवाला गुरं चोरतो. आता मधल्या सुट्टीत पोरं तुला चोराची नात म्हणतात.

आता ऐक. मला इंग्रजी येत नाही. पाद्रीबाबांच्या बहिणीने दोन हिवाळे आपली स्पॅनिश अक्षरं गिरवून घेतली, तेवढीच माझी शाळा. चित्रांतल्या माणसांच्या तोंडापाशी ते फुगे काढलेले असतात, त्यांत काय लिहिलंय ते मला कधीच कळलं नाही. मी चित्रं बघून सांगायची. बोट मात्र ओळीवरून फिरवायची, नाहीतर तू तेव्हाच पकडलं असतंस. ही लबाडी माझी. कबूल.

पण चित्रं तूही बघ. तो भला माणूस आणि त्याचे साथीदार, चौघांची तोंडं झाकलेली आणि पुढे एकटा मिशीवाला उघड्या तोंडाने. तोंड कोण झाकतं गं? मी सहा वर्षांची होते तेव्हा आमच्या गोठ्याशी पाचजण आले, तेही फडकी बांधूनच. माझे बाबा, एपिफानियो, दारात उभे राहिले. अश्शाच मिशा. गुरं गेली. बाबा माग काढत गेले ते तिसऱ्या दिवशी पायी परत आले. घोडाही गेला होता. आठवड्याने चौकात कागद लागला: गुरं चोरणारा एपिफानियो. आमचीच गुरं!

रडूबिडू नकोस, मीही रडत नाही. तुला पुस्तक सांगताना मी बाबांना गुरं परत मिळवून दिली. एकदा नाही, पंचवीसेक वेळा. फार मजा आली. अजूनही येते.

पोरांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. ईस्टरला ये. तू इंग्रजी वाच, अगदी छापलंय तसं, मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस. मी चित्रं बघीन. पटणार नाही तिथे भांडू. करडांना नावंही द्यायची आहेत.

कार्डावर खाली ‘ईस्टरला जमणार नाही’ असं आहे. ते अक्षर तुझं नाही. तुझ्या आईला, कुकाला, मीच जन्म दिलाय, तिचं अक्षर मी ओळखते. बाबांची गोष्ट काढली की कुका लहानपणीही खोलीतून उठून जायची.

तुझी आजी,
एपिफानियोची लेक हेर्लिंदा

ता. क. यायचं असो वा नसो, उत्तर तू लिहायचं. कुकाने पेनाला हात लावायचा नाही.