युरोप मला पाठ आहे

४ मे, सोलापूर. सकाळ.
ठरलं. युरोप स्वतःच्या बळावर बघायचा. टूरवाल्याच्या झेंड्यामागे मेंढरांसारखं नाही. अख्खी नोकरी पोरांना युरोप शिकवण्यात गेली. नद्या पाठ, डोंगर पाठ, वारेसुद्धा पाठ. तिकडे जाऊन फक्त खातरजमा करायची आहे.

भार्गवी, माझी मुलगी, जर्मनीत उल्म गावी नोकरीला आहे. तिचा फोन आला होता. रजा काढते, सोबत फिरू म्हणाली. म्हटलं, कशाला? तू ऑफिसला जा, युरोप मी सांभाळतो. तिने "बरं बाबा" म्हणून फोन ठेवला. भारावली असावी.

६ मे.
रोज रात्री व्हिडिओ बघून टिपा काढतोय. फोटो असलेलं मेन्यूकार्ड दिसलं की त्या हॉटेलातून उठायचं. इटलीत दुपारनंतर दुधाची कॉफी मागायची नाही, लोक हसतात. टॉयलेटसाठी खिशात चिल्लर ठेवायची. आणि मुख्य म्हणजे आपली माणसं दिसली की रस्ता बदलायचा. नाहीतर तिकडे जाऊनही सोलापूरच्या सात रस्ता चौकातच उभं राहिल्यासारखं व्हायचं.

स्टाफरूममध्ये हे सगळं वाचून दाखवलं. सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली.

११ मे.
बायकोच्या, म्हणजे वैदेहीच्या, बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी सापडली. समजावलं, आपण तिथलं अन्न खायला चाललोय. तिने ऐकून घेतलं आणि चटणीला आणखी एक पिशवी चढवली. बायकांना प्रवासाची दृष्टी नसते. फोनचं तिकडचं कार्डही मी घेणार नाही. नकाशा डोक्यात आहे. तिचं कार्ड भार्गवीने आधीच घेऊन ठेवलंय, तो त्यांचा प्रश्न.

१५ मे, उल्म.
पोचलो! खिडकीतून डॅन्यूब दिसते. बरोबर पूर्वेकडेच वाहते आहे. फार समाधान वाटलं.

१६ मे.
फोटो नसलेलं मेन्यूकार्ड मिळालं. वैदेही म्हणाली, भार्गवीला विचारू का? मी शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे बोट दाखवलं आणि जर्मनमध्ये धन्यवाद म्हटलं. पांढऱ्या जाड कांड्या आल्या, गुलाबी फडक्यात गुंडाळल्यासारख्या. मी सांगितलं, हा इथला मुळा, वर बीट किसून थापलंय. वैदेहीने फोटो काढून भार्गवीला पाठवला. कांड्या अ‍ॅस्परॅगस नावाच्या भाजीच्या निघाल्या. गुलाबी थर डुकराच्या मांसाचा.

मी सजावटीची कोथिंबीर खाल्ली. कोथिंबीर नव्हती. पण ताजी होती.
घरी आल्यावर भाकरी-चटणी. हे अपवाद म्हणून.

१८ मे, रविवार.
स्थानिक बाजारातून जिन्नस आणून मीच स्वयंपाक करतो, असं जाहीर केलं. गावभर हिंडलो. एकूण एक दुकान बंद. इथे रविवारी बंदच असतात म्हणे. भार्गवीने काल सांगितलं होतं, पण सांगण्यात पुरेसा जोर नव्हता.
पुन्हा भाकरी. चटणी बरी टिकली आहे.

२० मे. रात्री.
आज वैदेही हरवली. सविस्तर लिहिलंच पाहिजे.

लिंडाऊला निघालो होतो. तळ्यातलं गाव, पलीकडे आल्प्स. भार्गवी सांगत होती, डब्यावरची पाटी बघून बसा. म्हटलं, गाडी एक, रूळ एक, पाटी कशाला? फलाटावर मागून आवाज आला, "वहिनी, तुमी सोलापूरच्या व्हय?" अक्कलकोटचे शिवयोगी आणि त्यांच्या पत्नी दानेश्वरी. मुलाकडे आलेत. तेही लिंडाऊलाच निघालेले. मी नियमाप्रमाणे रस्ता बदलला आणि पुढच्या डब्यात चढलो. वैदेही त्यांच्याबरोबर मागे बसली. आतल्या आत चालत येईन म्हणाली.

खिडकीबाहेर हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. मी वेडाच झालो. समोरच्या माणसाला हिमनदीने दरी कशी कोरली ते सांगितलं. तो पुढच्या स्टेशनला उतरला. मग एका स्टेशनात गाडी जरा जास्त थांबली, काहीतरी घोषणा झाली. मी शांतपणे बसून राहिलो. अनुभवी प्रवासी उगाच उठत नाही.

ती गाडी मध्येच तुटते. अर्धी लिंडाऊला जाते, अर्धी ओबर्स्टडॉर्फ नावाच्या गावी. मी त्या दुसऱ्या अर्ध्यात होतो. पुढे रूळच संपले. समोर डोंगर. तळं नाही, वैदेही नाही, फोन लागत नाही.

बाकावर बसलो. डोंगर सुंदर होता, पण सांगायचं कुणाला? दोनदा उठून फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आलो. तिच्या काळजीने. ती एकटी, भाषा येत नाही, त्यात मी जवळ नाही. कॉफी घेतली. ती गार होईपर्यंत रुळांकडे बघत बसलो. शेवटी तिकीट खिडकीतल्या बाईंना कागदावर गाडीचं चित्र काढून मधोमध रेघ मारून दाखवली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू असे रोज येतात. मग परतीच्या गाडीत स्वतः बसवून दिलं.

उल्मच्या फलाटावर भार्गवी आणि वैदेही दोघी उभ्या. वैदेहीचे डोळे रडून लाल आणि नाक उन्हाने लाल. तिने माझं मनगट धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही. वाटेत एवढंच म्हणाली, "अहो, जीव नुसता टांगणीला लागला होता. आणि तळं इतकं सुंदर होतं. दोन्ही खरं आहे."

बोटीत बसली म्हणे. दानेश्वरींनी धपाटे आणले होते. एकूण, ती सापडली हे महत्त्वाचं.

२२ मे.
शिवयोगींचा मुलगा उद्या गाडीने सगळ्यांना स्वित्झर्लंडला नेतोय. आपल्यालाही आमंत्रण! गाडीत एकच जागा आहे. मी वैदेहीला म्हटलं, वाटाड्या म्हणून मीच जायला हवं. ती म्हणाली, शिवयोगींनी आमंत्रण नावानिशी दिलंय.
मग मी विश्रांती घ्यायचं ठरवलं. निर्णय सर्वस्वी माझा.

२३ मे. दुपार. जिना.
वैदेही पहाटे गेली, भार्गवी ऑफिसला. मी कचरा टाकायला खाली उतरलो. कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं, सगळं अचूक. वर येतो तर दार लागलेलं. इथली दारं ओढली की लागतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. किल्ली आत. फोन आत. मी बनियन-पायजम्यात. नशीब, वही नेहमी खिशात असते. ही टीप फार मोलाची ठरेल.

समोरच्या आजींनी दार उघडून बघितलं. खुर्ची आणून दिली, वर एक शाल. इतकी सज्जन बाई! मला राहवेना. त्यांची डॅन्यूब काळ्या जंगलात उगम पावून काळ्या समुद्राला कशी मिळते, ते इंग्रजीत समजावून सांगितलं. आजींनी मान हलवली. उत्साह वाढला. ऱ्हाईन घेतली. आजी अधूनमधून जर्मनमध्ये काही म्हणत होत्या, शंका असाव्यात. एल्ब नदीपर्यंत आलो तेव्हा त्या हळूच उठून आत गेल्या.

दार लागलं. आपोआपच लागलं असणार. इथली दारं तशीच आहेत.